गंज काढायची पाच साधनं आणि एक जुना ट्रक : कशाला किती मार्क

डब्यावर ‘गंजाचं रूपांतर करतं’ असं ठळक छापलेलं असतं. कोणत्या गंजाचं, किती जाड थराचं आणि त्यावर पुढे कोणता प्रायमर चालेल, हे मागे बारीक अक्षरात असतं, नाहीतर नसतंच. घरच्या घरी जुना ट्रक उभा करणाऱ्याचे पैसे आणि सुट्टीचे दिवस सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच. म्हणून हा आढावा ब्रँडचा नाही, जातीचा आहे. दुकानात नावं कितीही दिसली तरी आतला माल पाचच जातींचा असतो: तारेचे ब्रश आणि चकत्या, ॲसिडवालं कन्व्हर्टर, चिलेटिंग द्रावण, विजेवरचं इलेक्ट्रोलिसिस, आणि बाहेर देऊन करून घ्यायचं ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने कणांचा मारा करून गंज उडवणं. डबा घेताना नाव न वाचता घटक वाचा. ‘फॉस्फोरिक’, ‘टॅनिक’, ‘चिलेटिंग’ यांपैकी एकही शब्द नसेल तर तो डबा परत फळीवर ठेवा.

काहीही विकत घेण्याआधी एक काम फुकटात होतं. बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि गंजलेल्या जागी जोरात दाबा. टणक लागलं तर खाली पत्रा शिल्लक आहे. करकरलं किंवा टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही, गंजाचा पापुद्रा उरलाय. तो कापायचा आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. या जागेवर कोणतंही रसायन लावणं म्हणजे दात किडून पडल्यावर ब्रश करणं. हातोडीनेही कळतं. चॅसीच्या रेलवर हलक्या हाताने ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. रिव्हेट मारलेल्या आडव्या पट्ट्यांजवळ कान जास्त लावा, कारण दोन जाड पट्ट्यांच्या मध्ये धरलेलं पाणी तिथेच बसलेलं असतं.

जुन्या रंगाबद्दल आधीच सांगायला हवं. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या ट्रकवर शिसं असलेला रंग किंवा तांबडा प्रायमर असण्याची शक्यता बरीच असते. तो कोरडा घासू नका. केमिकल पेंट रिमूव्हरने किंवा ओल्या पॉलिश पेपरने काढा, पी-१०० फिल्टरचा मास्क लावा आणि चिखल पुसून पिशवीत बांधा. ब्रेकचे जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ड्रम उघडल्यावर हवेने फुंकायचं नाही, पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसायचं.

तारेचा ब्रश आणि चकत्या : पाचपैकी दोन

ग्राइंडरला पिळाच्या तारेचा कप ब्रश लावला की दहा मिनिटांत मडगार्ड चकचकीत दिसतं. फसवणूक इथेच आहे. तार गंजाचा वरचा थर उडवते आणि खड्ड्यातला गंज घासून गुळगुळीत करते. वरून दिसणारी ती चमक म्हणजे पॉलिश झालेला गंज. भिंगातून पाहिलं तर खड्ड्याच्या तळाशी काळे ठिपके तसेच असतात. त्यावर रंग मारला की काही महिन्यांत त्याच ठिपक्यांवर फोड येतात.

दुसरी चूक फ्लॅप डिस्कची, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांच्या चकतीची. कॅबचा, दरवाजाचा आणि बॉनेटचा पत्रा साधारण १ ते १.२ मिमी जाड असतो. ४० किंवा ६० नंबरची फ्लॅप डिस्क एका जागी पाच-सात सेकंद थांबली तरी त्यातला चांगला हिस्सा निघून जातो आणि उष्णतेने पत्रा नाचायला लागतो. सपाट भागासाठी स्पंजासारखी जाळीदार काळी किंवा जांभळी स्ट्रिपिंग डिस्क घ्या. ती रंग आणि वरवरचा गंज काढते, लोखंड फारसं खात नाही.

ग्राइंडरचे फेरे आणि ब्रशवर छापलेले कमाल फेरे जुळतात का ते तपासा. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, मोठ्या कप ब्रशची मर्यादा त्यापेक्षा बरीच खाली असू शकते. सुटलेली तार सुईसारखी येते. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल लागते.

मग दोन मार्क कशाला? पुढच्या प्रत्येक पद्धतीआधी पोपडे, चिखल आणि वंगण उडवायला हीच साधनं लागतात. तयारीला उत्तम, शेवटाला अपुरी.

कन्व्हर्टर : पाचपैकी अडीच

सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात जास्त चुकीच्या जागी वापरली जाणारी ही वस्तू. यात दोन उपजाती आहेत आणि त्यांचं वागणं वेगळं.

फॉस्फोरिक ॲसिडवालं पातळ, पाण्यासारखं असतं. लोखंडाच्या ऑक्साइडचं लोह फॉस्फेट होतं आणि करडा-काळा थर बसतो. टॅनिक ॲसिडवालं बहुधा दुधासारखं असतं, कारण त्यात पॉलिमर मिसळलेला असतो. ते लावल्यावर निळसर काळं होतं, म्हणजे लोह टॅनेट तयार झालं, आणि वर पातळ पापुद्रा धरतं. दोन्हींची क्रिया गंजाच्या पातळ थरापुरती. थर अर्धा मिलिमीटर जाड असेल तर वरचं काळं होतं, खालचं तांबडं तसंच राहतं. टॅनिकवालं तर स्वच्छ लोखंडावर धडपणे धरतच नाही. त्याला गंजच लागतो. म्हणून ‘आधी चकचकीत करा आणि मग कन्व्हर्टर मारा’ हा सल्ला त्याच्या बाबतीत उलटा आहे.

फॉस्फोरिकचा खरा त्रास नंतर सुरू होतो. ते पृष्ठभागावर वाळलं की मागे आम्ल राहतं. त्यावर एपॉक्सी प्रायमर मारला तर त्याचा हार्डनर अमाइन जातीचा असतो, म्हणजे अल्कधर्मी. उरलेलं आम्ल त्याच्याशी भांडतं, पकड नीट बसत नाही आणि प्रायमर नखाने सालासारखा निघतो. दोष प्रायमरला दिला जातो, बिचारा निर्दोष असतो.

हे टाळायचं तर द्रावण वाळू द्यायचं नाही. वाळलंच तर त्यावर पुन्हा तेच द्रावण मारून ओलं करायचं, घासायचं आणि ओलं असतानाच भरपूर पाण्याने धुवायचं. लगेच हवेने किंवा हीट गनने सुकवायचं. मग परीक्षा: धुतलेल्या जागी डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब टाका, अर्ध्या मिनिटाने त्यात पीएच पट्टी बुडवा. ६ ते ७ च्या दरम्यान रंग आला तर पुढे जा. ४ किंवा ५ दिसलं तर परत धुवा. खाण्याचा सोडा टाकून आम्ल मारायचा मोह होतो, पण सोड्याचे क्षार खड्ड्यात अडकले तर तेच उद्या रंगाखाली पाणी ओढतात. साधं पाणी, पण भरपूर, हेच बरं.

आणि कोणताही प्रायमर घेताना त्याचं तांत्रिक पत्रक वाचा. बरेच एपॉक्सी प्रायमर कन्व्हर्टरवर मारू नका असं स्पष्ट सांगतात. कन्व्हर्टरचा डबा एक म्हणतो आणि प्रायमरचं पत्रक दुसरं, तेव्हा प्रायमरचं ऐकायचं.

कन्व्हर्टर कुठे वापरावं? चॅसीच्या रेलची बाहेरची बाजू, कॅबच्या तळाची खालची बाजू, बंपरचे जाड ब्रॅकेट, म्हणजे जाड आणि उघडं लोखंड जिथे हात, ब्रश आणि पाणी पोहोचतं. दोन पत्र्यांच्या जोडात मात्र मुळीच ओतू नका. आत गेलेलं आम्ल धुता येत नाही. ते महिन्यांनी पाझरत बाहेर येतं आणि सांध्याच्या कडेने रंग उचलतं.

चिलेटिंग द्रावण : पाचपैकी साडेचार

ट्रकच्या सुट्या भागांसाठी सगळ्यात निर्धास्त साधन. चिलेट म्हणजे लोखंडाचा आयन चिमटीत धरून ठेवणारा रेणू. तो ऑक्साइडमधलं लोखंड धरतो, मूळ धातूला जवळजवळ हात लावत नाही. द्रावण उदासीन असतं, त्यामुळे हात भाजत नाहीत, वाफ नाही, वास नाही. दरवाजाच्या बिजागऱ्या, लॅच, पेडल, हँडब्रेकचा दाता, स्टिअरिंगचे छोटे सांधे, मीटरच्या चौकटी, ब्रेक ड्रम, नटबोल्टची बरणीभर गर्दी, सगळं यात बुडवता येतं.

नियम थोडे, पण मोडले तर काम बिघडतं. वंगण आधी पूर्ण काढा: गरम पाणी, भांडी घासायचा साबण, ताठ ब्रश. तेलाखाली द्रावण पोहोचत नाही आणि ते ठिपके तांबडेच राहतात. रंग असेल तर तोही काढा. भाग पूर्ण बुडलेला हवा. अर्धा बुडवून ठेवला तर पाण्याच्या पातळीला पत्र्यावर कोरलेली रेघ उमटते आणि ती जाता जात नाही. द्रावण २० ते ३० अंश सेल्सिअसवर चांगलं चालतं, थंडीत फार मंदावतं. बादली कोमट पाण्याच्या मोठ्या टबात ठेवली की काम पुढे सरकतं. हलका गंज २ ते ४ तासांत जातो, खोल खड्ड्यांना पूर्ण दिवस लागतो. मधून बाहेर काढून ब्रश मारला की वेळ निम्मा होतो.

बाहेर काढल्यावर लोखंड राखी दिसतं, ओतीव लोखंडावर काळपट पूड बसते. हा गंज नव्हे, धातूतला कार्बन आहे. फडक्याने पुसला जातो. एक गोष्ट लक्षात ठेवा: बोल्टवरचं काळं ऑक्साइडचं मूळ फिनिशही लोखंडाचंच ऑक्साइड असतं, त्यामुळे द्रावण तेही काढून टाकतं. ते जपायचं असेल तर असे बोल्ट टबात टाकू नका.

हेच काम घरच्या मिश्रणाने बरंच होतं. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि त्यात धुण्याचा सोडा चमचा-चमचा घालत जा, एकूण साधारण ५० ते ६० ग्रॅम. फेस जोरात येतो, म्हणून भांडं अर्धंच भरा. पीएच पट्टी ५ च्या आसपास आली की थांबा. निव्वळ सायट्रिक ॲसिड चांगलं लोखंडही खातं, सोड्याने ते बऱ्यापैकी सौम्य होतं. तयार द्रावणाइतकं बिनधास्त नाही, पण मोठ्या भागांना परवडतं. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट यात टाकले तर मुलामा गेलाच म्हणून समजा.

पेट्रोलची टाकी हा या द्रावणाचा खास मुलूख. जुन्या टाकीत गंज आणि वाळलेल्या पेट्रोलचा डांबरासारखा चिकटा एकत्र असतो. आधी चिकटा जायला हवा. कारण चिलेटला तो विरघळवता येत नाही. गरम पाणी, ग्रीस कापणारा साबण आणि मूठभर बोथट नट आत टाकून टाकी हलवा. नट मोजून टाका आणि मोजून काढा. मग पेट्रोल-गेजचं भोक आणि खालचा नळ बंद करून द्रावण काठोकाठ भरा. तेवढं द्रावण नसेल तर तिसरा हिस्सा भरून टाकी दर काही तासांनी वेगवेगळ्या कुशीवर ठेवा. रिकाम्या टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावायचा नाही. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त जोरात फुटते. टाकीला आतून अस्तर धरणारा सीलर शक्यतो वापरू नका. भोकं असतील तर टाकी दुरुस्तीला द्या. चिकट्यावर मारलेल्या सीलरच्या साली सुटतात, फिल्टर आणि कार्बोरेटर तुंबवतात, आणि त्या काढणं मूळ गंज काढण्यापेक्षा कटकटीचं. द्रावण ओतल्यावर टाकी धुऊन गरम हवेने पूर्ण सुकवा आणि लगेच आत थोडं टू-स्ट्रोक तेल फिरवा. ओली टाकी पाहता पाहता पुन्हा तांबूस होते.

अर्धा मार्क कापला तो खर्च आणि आकारासाठी. मडगार्ड बुडेल एवढा टब भरायला द्रावण फार लागतं.

मळीचं पाणी हा याच घराण्यातला गरीब भाऊ: १ भाग मळी, ९ ते १० भाग पाणी, आणि एक ते तीन आठवडे. मडगार्डसारखा मोठा भाग पिंपात उभा करून विसरून जायचं. काम चोख होतं, वास मात्र शेजाऱ्यांच्या लक्षात राहील असा. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव वस्तू, उदाहरणार्थ काही जुन्या मूठी आणि बोधचिन्हं, यात विरघळायला लागतात.

इलेक्ट्रोलिसिस : पाचपैकी चार

प्लास्टिकचा टब, पाणी, धुण्याचा सोडा, टाकाऊ लोखंड आणि बॅटरी चार्जर. ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. जास्त टाकून काम वाढत नाही, चार्जर मात्र तापतो. मीठ अजिबात नको, त्यातून क्लोरीन निघतो.

जोडणी अशी: ट्रकचा भाग ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडी पट्टी किंवा सळई धन टोकाला. उलटी जोडली तर तुमचा भागच खाल्ला जाईल, म्हणून चालू करण्याआधी दोनदा पाहा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका. ते टिकतं म्हणून मोह होतो, पण त्यातल्या क्रोमियमपासून सहा-संयुजी क्रोमियमची संयुगं पाण्यात येतात, आणि ती कर्करोगकारक आहेत. जस्त लावलेला पत्राही नको. साधं लोखंड किंवा ग्रॅफाइट.

प्रवाह ‘दिसतो तिथे’ जातो. सळई ज्या बाजूला तीच बाजू भराभर साफ होते, मागची बाजू तशीच राहते. म्हणून टबाच्या चारही बाजूंना सळया उभ्या करून त्या तारेने एकमेकींना जोडा आणि भाग मधोमध लटकवा. अंतर १० ते १५ सेंटिमीटर, कुठेही स्पर्श नको. छोट्या ब्रॅकेटला २ ते ३ अँपिअर पुरतात, मडगार्डला ५ ते १० लागतात. वेळ १२ ते २४ तास.

टबाकडे दोन तासांनी पाहिलं तर काय दिसायला हवं, हे माहीत असलं की चूक लगेच पकडता येते. भागावरून बारीक बुडबुड्यांची सलग झालर उठत असते, सळईभोवती नारिंगी-तपकिरी फेसाचा जाड थर जमतो आणि जुना रंग कडांपासून चिरफळून सुटायला लागलेला असतो, कारण पाणी अल्कधर्मी आहे. बुडबुडे नसतील तर नव्वद टक्के वेळा चिमट्याखाली गंज किंवा रंग आहे. ती जागा कानशीने चकचकीत करा. बुडबुडे आधी होते आणि आता मंदावले असतील तर सळईवर साका चढलाय, ती काढून घासा.

दुसरा घोळ चार्जरचा. आजकालचे ‘स्मार्ट’ चार्जर समोर बॅटरीचा व्होल्टेज दिसला नाही तर सुरूच होत नाहीत, आणि टबात बॅटरी नसते. साधा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर किंवा प्रवाह ठरवता येणारा बेंच पॉवर सप्लाय लागतो.

निघणारे बुडबुडे म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. बंद गॅरेजमध्ये हा प्रयोग नको, आणि चिमटा कधीही चालू प्रवाहात काढायचा नाही. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग चिमटा. चिमट्यातून उडालेली एक ठिणगी पुरते.

दोन ठिकाणी ही पद्धत पूर्णपणे वर्ज्य. पहिलं ॲल्युमिनियम: कार्बोरेटर, काही गिअरबॉक्सची झाकणं. सोड्याच्या पाण्यात ते खाल्लं जातं. दुसरं कठीण पोलाद: पाटे (लीफ स्प्रिंग), कॉइल स्प्रिंग, टॉर्शन बार, उच्च ताकदीचे बोल्ट. प्रवाहाने तयार झालेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. वरून काहीच दिसत नाही. काही दिवसांनी भाराखाली टाचणी मोडावी तसा बोल्ट मोडतो. बोल्टच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ कोरलेलं असेल, किंवा मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या सहा रेघा असतील, तर तो टबात टाकायचा नाही. स्टिअरिंगचा आणि ब्रेकचा तसा बोल्ट साफ करण्यापेक्षा त्याच दर्जाचा नवा घालावा. तीव्र आम्लालाही हाच इशारा लागू. पाट्यांना तारेचा ब्रश आणि मग प्रायमर एवढंच पुरे. पाट्यावरचा खोल खड्डा जिथे ताण येतो त्या पृष्ठभागावर असेल तर तो पाटा बदला, तडा तिथूनच सुरू होतो.

एक मार्क कापला तो वेळ, राखण आणि मोठ्या पत्र्यांच्या अडचणीसाठी. जाड, ओबडधोबड, खोल गंजलेल्या भागांना, उदाहरणार्थ टोइंग हूक, शॅकल, बंपर ब्रॅकेट, हौद्याच्या लाकडी फळ्या धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, याला तोड नाही.

ब्लास्टिंगची सेवा : चांगल्या हातात साडेचार, नाहीतर शून्य

चॅसी, चाकं आणि हौद्याचा सांगाडा यांच्यासाठी हाच खरा मार्ग. घरी करायचा विचार सोडा. ३ मिलिमीटरच्या नोझलला ९० पीएसआयवर साधारण १५ ते २० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट, हवा सतत लागते. घरगुती कॉम्प्रेसर मिनिटभर मारतो आणि पाच मिनिटं धापा टाकतो. साध्या वाळूने तर कधीच नको, सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचा चुरा वापरणाऱ्याकडेच जा.

काम देण्याआधी विचारायचे प्रश्न थोडके आहेत. कॅबच्या पत्र्याला कोणता दाब? उत्तर ‘सगळ्याला सारखाच’ आलं तर दरवाजा, छप्पर आणि बॉनेट उचलून घरी आणा. जोरदार माऱ्याने पत्र्याची एक बाजू ठोकून ताणली जाते, पत्रा फुगतो आणि मग तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टकटक आत-बाहेर होतो. परत सपाट होत नाही. पातळ पत्र्याला बारीक माल, कमी दाब, तिरपा कोन आणि सतत फिरता हात लागतो. मारा एका जागी थांबता कामा नये. चॅसीच्या जाड रेलला हे लाड नकोत.

दुसरं, भाग पाठवताना बेअरिंगच्या जागा, थ्रेड, एक्सलची टोकं आणि चॅसी नंबरची पाटी काढून किंवा झाकून पाठवा. रबर आणि कापडी टेप काही क्षणच टिकतो, थ्रेडमध्ये जुना बोल्टच फिरवून ठेवणं बरं. इंजिन ब्लॉक, स्टिअरिंग बॉक्स, गिअरबॉक्स यांना कण लागू देऊ नका. एक कण तेलाच्या वाटेत राहिला तरी नवं बेअरिंग खातो.

परत आलेला भाग पाहून धक्का बसतो, कारण पत्र्यात भोकं दिसतात. ती ब्लास्टिंगवाल्याने पाडलेली नसतात. तिथे आधीपासून फक्त गंज आणि पुट्टी होती. भांडायला जाऊ नका. भाग उलटासुलटा करून रबरी हातोडीने ठोका, बंद खोक्यांतून ब्लास्टिंगचे कण निघत राहतील. हातमोज्याशिवाय हात लावू नका, घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबूस उमटतात. आणि प्रायमर त्याच दिवशी. दमट हवेत तर काही तासांत. उघडं, खरबरीत लोखंड रात्रभर ठेवलं तर दिलेले पैसे निम्मे वाया.

चाकांबाबत एक वेगळी नोंद. जुन्या ट्रकची चाकं बहुधा तुकड्यांची असतात: रिम आणि त्यावर बसणारी लॉक रिंग. गंज रिंगच्या खाचेत बसलेला असतो. खाच खाल्ली असेल किंवा रिंग वाकडी असेल, तर हवा भरताना रिंग तोफगोळ्यासारखी उडते. अशी चाकं घरी उघडू नका आणि घरी भरू नका. लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच हे काम द्या. रिंग आणि रिम एकाच जातीची आहेत का ते तपासून घ्या, दिसायला सारख्या रिंगा एकमेकींना बसतातच असं नाही.

दरवाजाची खालची घडी : सगळी साधनं जिथे हरतात

कोणतंही साधन किती कामाचं, याचा खरा निकाल दरवाजाच्या तळाशी लागतो. बाहेरचा पत्रा खाली वळवून आतल्या पत्र्यावर दाबलेला असतो. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथे उतरतं, निचऱ्याची भोकं धुळीने बुजलेली असतात आणि घडीच्या आत चिखल वर्षानुवर्षं ओला राहतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो घडी आतून उघडत नेतो. बाहेरून नुसता रंगाचा लांबट फोड दिसतो. शेवरलेचे १९४७ ते १९५५ दरम्यानचे ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ट्रक घ्या, त्यांच्या कॅबचे मागचे खालचे कोपरेही याच कारणाने जातात.

इथे तारेचा ब्रश पोहोचत नाही, ब्लास्टिंगचे कण घडीत अडकून बसतात, कन्व्हर्टर आत राहून नंतर पाझरतं, इलेक्ट्रोलिसिसचा प्रवाह आत ‘पाहू’ शकत नाही. चिलेटिंग द्रावण थोडंफार शिरतं, पण दरवाजा पूर्ण बुडवून दोन दिवस ठेवला तरच. घडी दोन मिलिमीटरहून जास्त फुगली असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा. घडी उघडा, कापा, नवी पट्टी वेल्ड करा. कमी फुगली असेल तर दरवाजा द्रावणात बुडवा, काढून लगेच पाण्याने धुवा, घडीत बारीक नळीने हवा मारा, हीट गनने तळाकडून वर सुकवत या. वेल्डिंगच्या आधी सफाईला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याच्या वाफेवर वेल्डिंगची आच पडली की फॉस्जीन वायू तयार होतो, जो विषारी आहे. ॲसिटोन वापरा, आणि ते पूर्ण उडाल्यावरच वेल्डिंग पेटवा.

साफ केल्यानंतर काय लावलं, यावर सगळं टिकतं

स्वच्छ, खरबरीत लोखंडावर दोन हात एपॉक्सी प्रायमर, याला पर्याय नाही. पृष्ठभाग ८० नंबरच्या पेपरने घासलेला किंवा ब्लास्ट केलेला हवा. रासायनिक टबातून आलेला भाग गुळगुळीत असतो, त्यालाही पेपर मारा. मिश्रणाचं प्रमाण पत्रकाप्रमाणे आणि वजनाने किंवा खुणांच्या कपाने मोजून, अंदाजाने नाही. पुढचा थर किती तासांच्या आत मारायचा हे पत्रकात असतं. ती मुदत ओलांडली तर पुन्हा घासूनच पुढे जायचं. पुट्टी प्रायमरवर भरा, उघड्या लोखंडावर नको, पुट्टी पाणी शोषते.

प्रायमर पकडला का, हे रंगाआधी तपासायला मागच्या अदृश्य बाजूला ब्लेडने फुली मारा, त्यावर चांगला चिकट टेप दाबून झटक्यात ओढा. टेपवर प्रायमर आला तर सगळं उतरवून पुन्हा करायचं. कंटाळा येतो, पण वरून रंग मारून झाल्यावर हेच कळलं तर कंटाळा तिप्पट होतो.

बंद खोक्यांत, म्हणजे चॅसीच्या पेटीसारख्या भागात, कॅबच्या कोपऱ्यांत, पायरीच्या आत आणि दरवाजाच्या तळाशी, रंग आत पोहोचत नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण. चहूबाजूंनी फवारणारी लांब नळी निचऱ्याच्या भोकातून शेवटपर्यंत घाला आणि फवारत फवारत सावकाश मागे ओढा. हवा गरम असेल तेव्हा करा, थंडीत मेण घट्ट होऊन घडीत शिरत नाही. वेल्डिंग सगळं संपल्यावरच, कारण मेण पेट घेतं. तळातून मेण थेंब-थेंब गळायला लागलं की आत ते पोहोचलंय. दुसऱ्या दिवशी सायकलच्या स्पोकएवढी तार घेऊन प्रत्येक निचऱ्याचं भोक मोकळं करा. तिथे गोठलेलं मेण राहिलं तर पुढच्या पावसाचं पाणी दरवाजातच साठेल.